अंगणातला रिकामा खड्डा

आई, मागच्या वेळी मी तुला चुकीचं लिहिलं. नाळ तशीही कचऱ्यात जाते, कुणी मागत नाही, म्हणून आम्ही घेतो, असं लिहिलं होतं. महागावकडची एक बाळंतीण तिची नाळ मागते आहे.

नाळेतल्या मूळ पेशी आम्ही प्रयोगशाळेत वाढवतो. त्या भोवतीच्या द्रवात अतिसूक्ष्म पिशव्या सोडतात. त्यांना एक्झोसोम म्हणतात. जखमेतल्या पेशींना भरून येण्याचा निरोप त्यांतून मिळतो. माणसांवर अजून काही केलेलं नाही, पण भाजलेल्या उंदरांवर हिच्या नाळेचे एक्झोसोम लावले, तर कातडी इतकी नीट धरली की आमच्या प्रयोगशाळेचे सर पुन्हा पुन्हा येऊन बघतात. आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. कळा सुरू असताना सही नवऱ्यानं केली. मी शेजारीच उभी होते.

तपासणीला आली तेव्हा तिनं मला गाठलं. "मॅडम, माही नाळ कुठं ठेवली? मायनं आंगणात खड्डा करून ठेवला."

"त्यात आंबा लाव आता," सिस्टर हसल्या.

"आंबा लावतो ना. पण नाळ द्या."

सर म्हणतात, सही आहे, मग कायले घोर लावून घेतेस?

तू गावची सुईण, आणि शाळेच्या आधी मी तुझ्याच हाताखाली शिकले. एका घरी सासूनं पुरायची जागा दाखवली म्हणून मी नाळेचं मडकं उचलून निघाले, तर तू उंबऱ्यातच अडवलंस. "बाळंतिणीले इचारलं काय?" ती झोपली आहे, मी म्हणते. "मंग उठेपर्यंत बस. नाळ सासूची नाही." मी मडकं मांडीवर घेऊन बसले आहे, भूक लागली आहे, आणि तू वळूनही बघत नाहीस.

नाळेचा उरलेला तुकडा गोठवून ठेवला आहे. तो घेऊन मी तिच्या माहेरी जाणार आहे. वाढवलेल्या पेशींचं काय करायचं तेही तिलाच विचारीन. नको म्हणाली तर सगळ्या नष्ट करीन, सरांना तसं सांगून ठेवलं आहे. ते दोन दिवस उंदरांच्या पिंजऱ्यांकडे फिरकले नाहीत.

तू तर गेलीस, हे पाठवायचं कुठे? तरी एक सांगते. तिनं हो म्हणावं असं मला फार वाटतं. माझ्या तोंडावर ते दिसेल आणि ती भिडेखातर मान हलवेल, याचीच भीती आहे. म्हणून आधी तुकडा तिच्या हातात देईन, तो पुरून होऊ देईन, मगच विचारीन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळच्या पहिल्या एसटीनं निघेन.