मावशीच्या मोटारीचा डावा दिवा

सोलापूर,
रविवार

तीर्थरूप दाजींना,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो (कागदावरच, दिवाळीत खरंच वाकलो तेव्हा कंबर धरली आणि अक्कानं दंडाला धरून उभं केलं). तुमची शुगर, अक्काचे गुडघे आणि दुकान, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. आमच्याकडे दिपाली बरी आहे, मी बरा आहे आणि मल्लव्वामावशी आम्हा नवराबायकोपेक्षा लई बरी आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही दोन मिनिटांत फोन अक्काकडे देता, आणि ही हकीकत दोन मिनिटांत आटपणारी नाही. तर मुख्य बातमी ही की मोटार पास झाली.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण तुम्हाला ते अक्काकडून ठाऊक आहे. पंचावन्न वर्षं इंग्लंडात काढून, डॉक्टर असलेले काका वारल्यावर, आमच्या आईची ही धाकटी बहीण कायमची सोलापूरला परत आली. लोक तिकडून येताना चॉकलेटं आणतात. हिनं मोटार आणली. बोटीनं मुंबईला आणि तिथून ट्रकवर आमच्या दारात. काकांनी लग्नानंतर घेतलेली, हिरवी, बुटकी, अडुसष्ट सालची (कंपनीचं नाव लिहीत नाही, तुम्ही लगेच नेटवर बघत बसाल). मावशीचं वय एकोणऐंशी, पण गाडी तीच चालवते. मला फक्त पुसायला देते.

एवढी जुनी मोटार नोंदवायची तर आरटीओत तपासणी असते. ट्रकवर चढवून नेली. तपासणीला ऋतुजा मॅडम होत्या, मूळच्या मोडनिंबच्या, वयानं मावशीच्या नातीसारख्या. त्यांनी चेसिस नंबर बघितला, कागद बघितले आणि मागं उभं राहून ब्रेक दाबायला सांगितला. मावशीनं दाबला. उजवा दिवा लागला. डावा गप्प.

“आजी, डावा लागत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“तो कधीच लागत नव्हता की. तो नुसता जोडीला आहे,” मावशी म्हणाली.

जोडीला असून भागत नाही, मागं दोन्ही लाल दिवे एकदम लागले पाहिजेत, असं मॅडमनी समजावून सांगितलं आणि कागदावर तसा शेरा मारला. नापास.

आता तुम्हाला माहीतच आहे, मी वीस वर्षं शाळेत विद्युत परिपथ शिकवतोय. बाहेरचा माणूस कशाला, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावतात तसले दोन गोल लाल दिवे आणून मागच्या बंपरवर पट्ट्यांनी आवळले आणि वायरिंग स्वतः केलं. दुसऱ्या खेपेला मावशीनं ब्रेक दाबला तेव्हा आधी हॉर्न वाजला, मग वायपर हलायला लागला. (दोन्ही दिवेसुद्धा लागले होते. हे कुणी लक्षातच घेतलं नाही.) मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, नववीला तुम्ही शिकवायला असता तर मी आर्ट्सला गेले असते.” पण खरी अडचण पुढंच होती. पन्नास वर्षांवरची मोटार जुनी म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात पाहिजे. माझे दिवे ठेवले तर मूळ स्वरूप गेलं, काढले तर ब्रेकलाइट एकच. मॅडमनासुद्धा वाईट वाटत होतं, पण त्या नियम वाकवणाऱ्यातल्या नाहीत आणि आम्ही तसं म्हणणाऱ्यातले नाही. पुन्हा नापास.

त्या दिवशी मावशी पहिल्यांदा थकलेली दिसली. होटगी रोडच्या एका हॉटेलवाल्यानं मोटार मागितली होती, हॉटेलापुढं मांडून आत झाडांच्या कुंड्या ठेवायला. जेवताना ती अर्ध्या कानडीत म्हणाली, “साकु सोम्या, पुरे झालं. आणखी एकदा बघू, नाहीतर देऊन टाकू त्याला.” आणि भाकरी अर्धी ठेवून उठली. दाजी, तुम्हीच सांगा. एवढ्या लांबून माणूस नवऱ्याची एक वस्तू घेऊन येतो, आणि तिच्यात कुंड्या.

मग दिपाली मला न विचारता कन्ना चौकात गेली आणि बसूला घेऊन आली. बसू साठीचा, चाळीस वर्षं मोटारींची वायरिंग करतोय, शाळा चौथीपर्यंत. त्यानं आधी माझं काम बघितलं आणि माझ्या वायरी एकेक सोडवून, गुंडाळून माझ्या हातात दिल्या (हे जास्त लागलं). मग डाव्या दिव्याची काच उघडली. “मास्तर, ह्यात दोन तारांचाच बल्ब बसतोय की, एक तार रातच्याला, एक ब्रेकला. कंपनीनं डावीकडं बी ब्रेकलाइट दिल्याला हाय. वायर कुणीतरी वळवून नेलीया.”

त्या वायरीचा माग काढत तो गालिच्याखालून सरकत पुढं गेला आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढं, डॅशबोर्डच्या खाली निघाला. तिथं बोराएवढा लाल बल्ब होता.

“तो इंजिन तापल्याचा दिवा,” मावशी म्हणाली. “हे सांगायचे, त्याच्यावर मी लक्ष ठेवतो, तू रस्ता बघ.”

“आजी, जरा ब्रेक दाबा,” बसू म्हणाला.

तिनं दाबला. बोराएवढा दिवा लागला. पाय काढला, विझला. तिनं पुन्हा दाबला, पुन्हा सोडला, असं चारपाच वेळा केलं, आणि मग तिला उमगलं. काकांनी तिला मोटार शिकवली ती ह्याच गाडीवर. बायको ब्रेक दाबते की नाही हे शेजारी बसून कळावं म्हणून त्या डॉक्टर माणसानं डाव्या दिव्याची वायर गुपचूप आपल्यापुढं आणली होती. (तिकडे दरवर्षी तपासणी असते, त्या दिवसापुरती परत जोडून नेत असणार, हा बसूचा तर्क.)

“पंचावन्न वर्षं,” मावशी म्हणाली. “पंचावन्न वर्षं हा माणूस माझा ब्रेक बघत बसला आणि मला म्हणायचा, छान चालवतेस.” आणि हसायला लागली ती पदर डोळ्यांना लावेपर्यंत. बसू उगीचच पकड पुसत राहिला. मी पण माझ्या ट्रॉलीच्या दिव्यांचे नट सोडवायला मागं गेलो.

पुढचं अर्ध्या तासाचं काम. वायर आपल्या जागी गेली, म्हणजे मोटार मूळ स्वरूपातही आली आणि दिवेही दोन झाले. तिसऱ्या खेपेला मॅडम मागं उभ्या राहिल्या, मावशीनं ब्रेक दाबला, आणि दाजी, दोन्ही दिवे असे लागले की रांगेतल्या रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी खाली वाकून दोनदा खात्री केली, सही केली आणि मग मावशीला विचारलं, “आजी, एक फोटो काढू?” नंबरपाटी लागली त्या दिवशी मावशीनं सात रस्ता चौकाला वळसा घालून मला घरी आणलं. मी शेजारी बसून उजवा पाय सारखा दाबत होतो. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता हे घरी आल्यावर लक्षात आलं.

अक्काला आठवण. तुम्ही औषध वेळेवर घ्या. मी लांबून एवढंच म्हणू शकतो.

तुमचा मेहुणा,
सोमेश

ता. क. नोंदणीच्या अटी मी घरी येऊन वाचल्या. अशी मोटार रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यालाच बाहेर काढायची. मावशीनं ते नीट वाचून घेतलं आणि तेव्हापासून ती रोज थोडं थोडं पेट्रोल भरते. काल वांगी हवी होती, म्हणून मंडईजवळच्या पंपावर भरलं. आता तिला स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला यायचंय, आणि एवढ्या लांब पेट्रोल भरायला कशी गेली हे कुणाला पटणार नाही. तेव्हा तुमच्या व्यापारी मंडळातर्फे जुन्या मोटारींचं प्रदर्शन तेवढं भरवा. मोटार एकच आली तरी प्रदर्शन ते प्रदर्शनच.

ता. क. २. पत्र पोस्टात टाकायला मावशीकडे दिलं होतं. ती म्हणाली, पोस्टात कशाला, मीच देते. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ती दारात उभी असेल. चहा नंतर टाका, आधी प्रदर्शनाचा बोर्ड लावा.