खिडकीखालचा वाफा

३ ऑक्टोबर
आलो एकदाचे! बंद खाणीच्या कडेला दोन खोल्या, नळाला भरपूर पाणी, खिडकीखाली मोहरीची बोटभर रोपं. खाणीनं मातीत शिसं कालवून ठेवलंय. मोहरी ते मुळांतून ओढून घेते. मग पीक कापून भट्टीत जाळायचं आणि राख पिंपांत बंद करायची. माझं काम रोपांची देखभाल. पाच वर्षांच्या माझ्या चिऊच्या तोंडाचा पट्टा आल्यापासून चालूच आहे. जाळताना मोहरीला चटका बसत नाही का, असं तिनं मुकादमांना विचारलं. ते हसून हसून बेजार झाले.

२१ ऑक्टोबर
चिऊचं पोट सारखं दुखतं. डॉक्टर म्हणाले, रक्तात शिसं आहे, घरातल्या धुळीतून गेलं असणार. इथून निघून जा. जाऊ कुठे? ही नोकरी मिळवताना नाकी नऊ आले होते. भट्टीवाले काका म्हणाले, तुमच्या आधी इथे कामाला असलेल्या बाई अंगातलं शिसं उतरावं म्हणून त्यांच्या पोरीला अनवाणी वाफ्यात बसवायच्या, मोहरीला माती काय नि माणूस काय, सारखंच. मी त्यांना वेड्यात काढलं.

२३ ऑक्टोबर
बसवलं. खिडकीखालच्याच वाफ्यात. शिकलीसवरलेली मी, पण तिचं कण्हणं ऐकवत नव्हतं.

२ नोव्हेंबर
रक्तातलं शिसं निम्म्यावर! डॉक्टर चक्रावले. मी तिथेच रडले.

९ नोव्हेंबर
चिऊ गप्प गप्प असते. झोपताना म्हणायचं गाणं विसरली. तळव्यांना पांढरे, केसासारखे तंतू फुटलेत. एक उपटला तर कळवळली. इतर वाफे गुडघ्याएवढे, आमचा माझ्या कमरेला लागतो.

१२ नोव्हेंबर
आता तिला घरातच ठेवते. उपयोग नाही. काकांना विचारलं, त्या बाईंची पोर कुठे असते. ते भट्टीचं दार पुसत राहिले. दार स्वच्छच होतं.

१४ नोव्हेंबर
रक्तात शिसं नावालाही नाही. तिनं मला विचारलं, बाई, तुम्ही कोण.
वाफ्यातून तिचं गाणं ऐकू येतं. वारा पडलेला असतानाही.

१५ नोव्हेंबर
मुकादमांच्या पाया पडले, एवढा एक वाफा ठेवा. ते म्हणाले, पानं गळली तर विष परत मातीत जाईल. उद्या कापणी. भट्टी पेटवलीय.

१६ नोव्हेंबर
रोपं मुळांसकट काढून कुंडीत लावावीत म्हणून खणायला घेतलं — घरात ती किंचाळली. हात थांबले.

कापणीचं यंत्र सुरू झालंय. वाफ्याच्या कडेला बसलेय, हातांना काम हवं म्हणून लिहितेय. ती दारात उभी आहे, माझ्याकडे बघते, ओळख नाही. आणि इथे, पानापानांतून — तोंडाचा पट्टा — आई, काय लिहितेस, आई, तो आवाज कसला, आई —

शेजारचा वाफा गेला —

मुकादम हातानं सांगतायत, बाजूला व्हा — नाही होणार —

आई, मला चटका बसेल का, आई, मला —