राहुकाळात कमिट नाही

सोमवार, १० मार्च. सकाळी ९.१०

मुद्दाम नऊ वाजून गेल्यावर लिहायला बसलो. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ.

ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. म्हणून ती ऑफिसच्या संगणकावर, चाचण्यांच्या फोल्डरमध्ये, 'किराणा' या नावाने ठेवली आहे. शिवाय नेनपुला बजावलं आहे की या फाइलकडे ढुंकूनही बघायचं नाही. सुरक्षिततेतलं मला कळतं.

म्हातारपणी वाचताना विसरलो असेन म्हणून लिहून ठेवतो: नेनपु हे आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. प्रोग्रामरने काम जतन केलं, म्हणजे कमिट केलं, की नेनपु ते नाव, तारीख आणि एका ओळीच्या शेऱ्यासकट कायमचं लक्षात ठेवतं. नव्या आवृत्तीत हा जुना इतिहास बदलताही येणार आहे. चुकीचा शेरा काढून टाका, दोन कमिटांचं एक करा. पण इतिहासाची अशी उलथापालथ चालू असताना अजून कमिट न केलेलं काम शाबूत राहतं का? ते मी तपासायचं. आज चंद्रमौळी सरांनी बोलावून सांगितलं, श्रीकंठा, पंचवीसला जर्मनीचे पाहुणे येताहेत, नाक कापू नकोस. काम नीट झालं तर मी चाचणी-प्रमुख, आणि खिडकीजवळची जागा.

संकल्प: रोज दहा चाचण्या. रोज कमिट.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी २.३०

चाचण्या शून्य. पण सहज जुना इतिहास चाळताना ऑक्टोबरातला माझाच एक शेरा सापडला. 'मैसूर बोंडा म्हणतो म्हणून पुन्हा पूर्वीसारखं केलं.'

बोंडा म्हणजे सर. डोकं तसं आहे. गोल, तुकतुकीत, वर एक शेंडीवजा टोक. त्या दिवशी डोकं फिरलं होतं, लिहून गेलो, विसरून गेलो. आणि पंचवीसला सर स्वतः हा इतिहास पडद्यावर पाहुण्यांना दाखवणार. शेऱ्यापुढे माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

दरदरून घाम फुटला. मग हसू आलं. इतिहास बदलायचं काम अख्ख्या कंपनीत नेमकं माझ्याकडे आहे! चामुंडीदेवीला नारळ बोललो.

शुक्रवार, १४ मार्च. दुपारी १२.२०

आतापर्यंत बारा चाचण्या. कमिट केल्या नाहीत. कारणं: शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. तीन ते साडेचार यमगंड, तोही तितकाच अशुभ. मधे जेवण आणि जेवणानंतरची सुस्ती. त्यानंतर बस.

आमच्याच विभागातल्या दाक्षायिणीला नोकरीला लागून दोन वर्षं झालीत. दर दहा मिनिटांनी कमिट करते. तिला प्रेमाने राहुकाळाचं सांगायला गेलो तर म्हणते, सर, माझी आजीसुद्धा राहुकाळात कांदा चिरते. मग उलट मलाच शिकवायला लागली, की सर, हातातलं आधी कमिट करा आणि मगच इतिहासाला हात लावा. मी म्हटलं, माझं सगळं एकदम होणार. एकशे अठ्ठेचाळीस चाचण्या, एकच कमिट, चांगल्या मुहूर्तावर. ती म्हणाली, बरं सर. तिचं ते 'बरं सर' मला आवडत नाही.

रविवार, १६ मार्च. संध्याकाळी ६.१५

(घरून फोनवर टिपलं, उद्या फाइलमध्ये घालणे.)

वनजाक्षीने गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातले आणि मला राखणीला बसवलं. म्हणाली, अहो, नुसतं बसायचंय, डोकं चालवू नका. पण चाचणी-तज्ज्ञाचं डोकं कसं थांबणार? वाळलेले नाहीत, डब्यात भरलेले नाहीत, उघड्यावर आहेत. म्हणजे हे कमिट न केलेलं कामच की! काठीला माझा जुना शर्ट अडकवून बुजगावणं केलं. संरक्षण पुरेसं आहे अशी खात्री करून घेतली. कॉफीला खाली आलो.

माकडं तीन. पापड सात उरले. एका माकडाने जाताना शर्टही नेला.

वनजाक्षी म्हणाली, तुमच्याऐवजी त्यालाच राखणीला बसवते, निदान शर्ट तरी त्याला बरा दिसतो.

निष्कर्ष: पापडांचा आणि सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही.

गुरुवार, २० मार्च. दुपारी ३.३०

एकशे सत्तेचाळीस चाचण्या पूर्ण! प्रत्येक वेळी इतिहास बदलायला गेलो की नेनपु आडवं येतं. 'तुमचं काम कमिट केलेलं नाही. आधी कमिट करा किंवा बाजूला ठेवा.' एकशे सत्तेचाळीस वेळा तेच. सासरेबुवांची आठवण झाली.

अहवालात लिहून टाकलं: 'कमिट न केलेलं काम पूर्ण सुरक्षित.'

राहिली क्रमांक एकशे अठ्ठेचाळीस. 'जबरदस्ती' हा पर्याय वापरून नेनपुचं न ऐकता इतिहास बदलणे. माहितीपत्रकात म्हटलंय की तरीसुद्धा एक प्रत मागे राहतेच. कशाला करून बघायचं? शुद्धीवर असलेला माणूस असं करणारच नाही. 'उत्तीर्ण' असं लिहिलं.

संकल्प: सोमवारी सगळं कमिट. लगेच बोंडा काढून टाकणे.

सोमवार, २४ मार्च. संध्याकाळी ५.५०

साडेदहा ते बारा यमगंड. दुपारपासून कमिटचा शेरा इंग्रजीत जुळवत होतो. जर्मन लोक वाचणार, साधा नको. 'कम्प्लीटेड' लिहावं की 'अकॉम्प्लिश्ड'? सहाची बस. उद्या.

मंगळवार, २५ मार्च. दुपारी २.५५

सकाळी यमगंड, मग पाहुण्यांसाठी हार आणायला देवराज मार्केटात गेलो. सर आत्ता सांगून गेले की चार वाजता इतिहास पडद्यावर. तीन ते साडेचार राहुकाळ. पाच मिनिटं आहेत आणि शेरा अजून ठरलेला नाही.

३.०५

बोंडा काढायला गेलो. नेनपु म्हणतं, आधी कमिट करा.
दोन आठवड्यांचं काम, आणि कमिट राहुकाळात? शक्य नाही.

३.२०

शांतपणे विचार केला. राहुकाळात नवं शुभकार्य सुरू करू नये. पण अशुभ गोष्ट पुसायला काय हरकत आहे? अम्माला फोन केला. ती म्हणाली, पुसायला चालतं की रे, केर नाही का काढत आपण. मग विचारलं, काय पुसतोयस? म्हटलं, बोंडा. ती म्हणाली, साबणाने धू हात.

शास्त्राधार मिळाला.

३.३१

जबरदस्ती.

३.३२

बोंडा गेला!! इतिहास गंगेसारखा निर्मळ. फोल्डरही कसा स्वच्छ दिसतोय.

३.३३

जरा जास्तच स्वच्छ.

३.४०

मागे राहणारी प्रत कुठेच नाही. चाचण्या नाहीत. अहवाल नाही. फोल्डरमध्ये एकच फाइल उरली आहे. किराणा. हिच्याकडे बघू नकोस म्हटलं होतं, नेनपुने शब्द पाळला.
तोंड धुऊन येतो.

बुधवार, २६ मार्च. सकाळी १०.००

काल तोंड धुऊन आलो तर दाक्षायिणी माझ्या खुर्चीत. अहवाल न्यायला आली होती, एकच फाइल दिसली, तीच उघडली. ती हसत असती तर परवडलं असतं. ती गंभीरपणे वाचत होती. म्हणाली, सर, तारीख आहे, वेळ आहे, काय दाबलं ते आहे, काय गेलं ते आहे. दोष पकडल्याचा इतका चोख पुरावा मी आजवर बघितला नाही. मी तोंड उघडेपर्यंत तिने कमिट करून टाकलं. ३.५२ ला. भर राहुकाळात.

चार वाजता पडद्यावर सर्वांत वर तेच होतं.

सरांनी पूर्ण वाचलं. पाहुण्यांना इंग्रजी करून सांगत, एक ओळ न गाळता. अकरा मार्चपाशी थांबले, पाणी प्यायले, पुढे वाचलं. पाहुणे बेहद्द खूश. विकत घेण्याआधीच खोट कळली म्हणाले. नंतर कँटीनमध्ये नेमके बोंडे होते. पाहुण्यांनी बोंड्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि एकमेकांकडे बघून मान डोलावली.

आज सकाळी सरांच्या खोलीत गेलो. म्हटलं, सर, तेवढी एक फाइल इतिहासातून काढू द्या. सर म्हणाले, श्रीकंठा, एकशे अठ्ठेचाळीसमधला दोष दुरुस्त होईपर्यंत इतिहास बदलणं बंद केलंय. तुझ्याच पुराव्यावरून. आता ती फाइल जर्मनीतही आहे.

बोलताना ते डोक्यावरून हात फिरवत होते. मला फार वाईट वाटलं. माफी मागितली. ते म्हणाले, टोक खरंच दिसतं का रे? मी नाही म्हटलं. दोघांनाही पटलं नाही.

सोमवार, ३१ मार्च. सकाळी ८.०५

नव्या चाचणी-प्रमुख दाक्षायिणी यांच्या आदेशावरून ही रोजनिशी आता अधिकृत नोंदवही आहे. रोज लिहायची, रोज कमिट करायची, त्यांनी तपासून मंजूर करायची. शनिवारची नोंद परत आली. 'सर मोठ्या मनाचे आहेत' हे वाक्य तीनदा आलं आहे, पुरावा जोडा, असा शेरा.

आजची नोंद: खिडकीजवळची जागा लांबून पाहिली. छान आहे. हे कमिट राहुकाळात करत आहे. अजून काही झालेलं नाही.

किराणा, वनजाक्षीने सांगितलेला: उडीद डाळ दोन किलो, मिरे, हिंग.

तपासलं. मंजूर. सर, पापडखार राहिला. – दाक्षायिणी