बिनसरसाची गिटार

शिवाजी पेठ, कोल्हापूर
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

चि. ऐश्वर्या हिला आकारामकाकाचा आशीर्वाद.

जयसिंगपूरला तुझे आई-वडील बरे असतील. मी बरा हाय. गुडघा सोडला तर बाकी सगळं जागच्या जागी हाय. माझी बहीण आक्का रोज गल्लीच्या त्या टोकावरनं भाकरी घेऊन येती आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहती. भावावर काडीचा विश्वास न्हाय तिचा.

माझ्या राजवीरची गिटार झाली. तू मागितलीस त्याला दोन महिने झाले, उशीर झाला खरा. परवा रविवारी तुझा भाऊ जिनेंद्र न्यायला येणार म्हणालीस, त्याच्याकडंच हे पत्र देतो. तू म्हणशील, दर रविवारी फोनवर बोलतोय की, मग काका कागद कशाला काळा करत बसलेत? फोनवर जमंना म्हणून. चार रविवार झाले, आज सांगायचंच असं ठरवून बसतोय आणि तू "जेवला काय काका?" म्हणालीस की मी भाजी-भाकरीचंच सांगत बसतो.

आधी कामाचं सांगतो.

चीर चांगली वीतभर होती. पुढच्या फळीवर, मधल्या भोकापासनं खाली, लाकडाच्या रेषेरेषेनं गेलेली. आतली एक आधाराची पट्टीबी सुटलीती. राजवीरनं वरनं चिकटपट्टी लावून तशीच अकरा महिने वाजवली, ते तू बघितलंयस. मी तुला फोनवर म्हणालतो की गाडीवरनं पडल्यावर लाकूड असं तडकतं. तडकतं बी. पण ते राहू दे आत्ता.

मी जल्मभर शिरोलीच्या फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न करून दिले. त्या पॅटर्नवरनं वाळूत साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. पॅटर्नला चीर दिसली की लांबी, म्हंजे पुट्टी, भरायची, घासायचं, वरनं रंगाचा हात द्यायचा, इषय संपला. पहिल्या दिवशी सवयीनं लांबीचा डबा उघडलाबी होता मी. मग बोटानं फळीवर टिचकी मारून बघितली. एवढं पातळ लाकूड, एवढंसं वाजलं तरी आतनं भरून येतंय. त्यात लांबी कोंबली असती तर बया मुकी झाली असती. डबा बंद केला.

तारा सैल केल्या. पोटात ओला फडका ठेवून गिटार चार दिवस झाकून ठेवली. लाकूड जरा फुगलं आणि चीर आपसूक मिटत आली. मग सरस तापवला, चिरेत मुरवला, आतनं आडवी ठिगळं बसवायला घेतली. नखाएवढी तीन. पण भोकातनं माझा पंजा जाईना. आक्काचा गेला. बांगड्या काढून कोपरापर्यंत हात आत घातला आणि मला शिव्या. "आकाराम न्हाईस तू, हरामखोर हाईस. म्हातारपणी म्हशीचं बाळंतपण करायला लावतोस व्हय रं?" लई दिवसांनी घरात हसलो आम्ही दोघं. वरनं चपड्याचं पॉलिश दिलं. जुन्या लाकडाला चहासारखा रंग आलेला असतोय, तो मिळवता मिळवता डोळं गेलं, पण मिळाला. चीर कुठं होती ते मलाच सापडंना.

गिटार भिंतीला टेकवून चहा पीत बसलो आणि कपाळावर हात मारून घेतला.

सरस कशाचा असतोय? जनावराच्या कातड्याचा, हाडांचा. चपडा येतोय लाखेच्या किड्यांपासनं. आणि जिच्यासाठी हे चाललंय ती पोरगी कांदा-बटाट्याला हात लावत न्हाय. पर्युषणात गरम पाण्यावर राहती. ती ही गिटार छातीशी धरून बसणार. चाळीस वर्षं हातात सरस घेतला, कधी मनात आलं न्हाय की कुणाला तो चालणार न्हाय.

सगळं उकललं. गरम पाणी, तापवलेली सुरी, आणि वाट बघणं. सरस असा हळूहळूच सुटतोय, घाई केली की लाकूड घेऊनच येतोय. वरचं पॉलिश स्पिरिटनं पुसलं. आक्कानं परत हात घातला, परत शिव्या. या वेळी साधं पांढरं फेविकॉल लावलं आणि वरनं लॅकर. रंग पहिल्यासारखा जुळला न्हाय, उजेडात धरलीस तर एक बारीक रेघ दिसंल. तुला विचारलं असतं तर "असू दे की काका" म्हणाली असतीस. म्हणून विचारलं न्हाय. एकदा तरी न विचारता तुझा विचार करायचा होता मला.

आता दुसरं.

ती चीर गाडीवरनं पडून आली न्हाय, ऐश्वर्या. मी पाडली.

दोन हजार बावीसच्या ऑक्टोबरातला रविवार होता. राजवीरची आई गेल्यापासनं रविवारचं मटण मीच करायचो. दोघांची ताटं वाढली. त्यानं रस्सा बाजूला सारला आणि म्हणाला, "आण्णा, मी सोडलंय. तीन महिने झाले." कशापायी म्हणालो, तर तुझं नाव सांगितलं. लगीन करायचंय, तिला एकदा घरी घेऊन येतो म्हणाला. मी काय काय बोललो ते सगळं लिहवत न्हाय. जैनाची पोरगी आमच्या चुलीला नाकं मुरडणार आणि तू तिच्यासाठी बापाच्या हातचं टाकणार, असलं बोललो. तुला बघितलंबी नव्हतं तवा. तो उठून कॉटवर बसला आणि गिटार मांडीवर घेतली. मला वाटलं, माझं बोलणं उडवून लावतोय. गेलो आणि मूठ हाणली. त्याला न्हाय, गिटारला. पण त्याच्या मांडीवर होती ती.

राजवीरनं आधी गिटार बघितली न्हाय. माझा हात धरला. म्हणाला, "आण्णा, लागलं काय?"

मी हात सोडवून घेतला. संध्याकाळी त्यानं बॅग भरली, गिटार घेतली आणि तू राहतीस त्या सांगलीला गेला. दिवाळीला त्याचा फोन आला, उचलला न्हाय. गुढीपाडव्याला आला, उचलला न्हाय. मला वाटायचं, येईल की दारात, पोरगाच हाय माझा, जातोय कुठं. पुढच्या सप्टेंबरात तुझा फोन आला की डेंगी झालाय, लवकर या. त्या दिवशीबी मी तासभर घुटमळलो, आधी त्यानं बोलवावं म्हणून. तो तासच कमी पडला. मी पोचलो तवा तू दवाखान्याच्या पायरीवर बसलीतीस आणि मला बघून उठून उभी राहिलीस.

पुढं त्याची गिटार माझ्याकडं देताना तू म्हणालीस, "गिटार गाडीवरनं पडली म्हणत होता, काका." मी "व्हय" म्हणालो. म्हंजे त्यानं तुलाबी सांगितलं न्हाय. मरेस्तोवर बापाला पाठीशी घातलं त्यानं. आणि त्या एका "व्हय"वर मी सोळा महिने तुझे फोन घेतोय. तुला वाटतंय, एका भल्या माणसाचा पोरगा गेलाय, म्हातारा एकटा पडलाय, त्याला विचारावं. राजवीरचं नाव माझ्यासमोर घेणारं तू सोडून कुणी उरलं न्हाय. आक्कासुदीक घेत न्हाय, मी रडतो म्हणून. तू बोलतीस, तो कसा हसायचा, काय खायचा, कशावर चिडायचा. निम्मं तर मला ठाऊकच नव्हतं. तेवढ्यासाठी खोटं धरून बसलो. सांगितलं की रविवार संपला, हे माहीत हाय मला.

पण ती गिटार तू वाजवणार आणि चिरेवर हात ठेवून त्याची बिचाऱ्याची गाडीवरनं पडलेली गिटार म्हणणार. ते मला सोसणार न्हाय. लाकूड सांधून दिलं, आता खरं काय ते तुझ्याजवळ असू दे.

तारा एकदम ताणू नकोस. आठवडाभर रोज थोड्या थोड्या चढव. उन्हात ठेवू नकोस.

माफ कर म्हणत न्हाय. ते ज्याला म्हणायचं होतं त्याचा फोन मी उचलला न्हाय. तू फोन बंद केलास तर मी समजून घेईन, आक्काला काय तरी सांगीन.

न्हाय, समजून घेईन हे खोटं लिहिलं. आता एवढ्या पत्रात आणखी एक खोटं नको. शिव्या द्यायला कर, भांडायला कर, काय न बोलता नुसता धरून बस. पण पोरी, फोन कर.

जी घरी सून म्हणून आली असती, तिचा
आकाराम