जामीन कोण राहील

माघ व. ४
शेठच्या अंगणात मोटार उभी आहे. उतारूंची जुनी सर्व्हिस मोटार, वरचा कापडी टप फाटलेला, एक दिवा फुटका. हिंगोलीकडच्या कुणाची तरी होती म्हणे. त्याचे हप्ते थकले, शेठनं ओढून आणली. मागच्या साली माझी अशीच आणली होती. ह्याच लिंबाखाली उभी केली होती.
बॉनेट उघडून बघितलं. इंजिन चांगलं आहे. बाकीचं हातानं करून घेता येईल.
खोलीवर येऊन भाकरी केली. एकट्यापुरतं पीठ मळायची आता सवय झाली.

माघ व. ६
शेठपुढं बसून आलो. बोलायला गोड माणूस. पाणी दिलं, पान दिलं. मग म्हणाले, "शिवआप्पा, ड्रायव्हर म्हणून तुमचा हात धरणारा परभणीत नाही. पण हप्त्याच्या कामात तुमचं नाव खराब झालंय."
मी पान तोंडात टाकलं. काय बोलायचं. बायको, गंगा, तापात पडली तेव्हा मोटार दोन महिने जाग्यावर उभी होती आणि मी तिच्या बाजेपाशी. गंगा गेली, मागून मोटार गेली. हे शेठला ठाऊक आहे, सगळ्या पेठेला ठाऊक आहे. पण नाव खराब झालं ते झालं.
थोडी रोख आधी, बाकी हप्त्यानं, आणि पक्का जामीन. जामीन जमीनवाला पाहिजे.
रोख जमेल. स्टँडवर पंक्चरी काढून साठवलंय. जामीन कोण राहील?

माघ व. ७
मोटार मिळाली तर परभणी–ताडकळस सर्व्हिस टाकायची. परवाना अजून माझ्या नावावर आहे, तेवढा तरी कुणी नेला नाही. चार पैसे आले की स्वैपाकघर असलेली खोली बघायची. पोरीला, शांताला, आणायचं. नऊ वर्षांची झाली. गंगा गेल्यापासून ताडकळसला आजीपाशी आहे. इथं मुलींची शाळा आहे, तिथं नाही.

माघ व. ९
करीमभाईला विचारलं. आम्ही दोघं एकाच मालकाकडं गाडी शिकलो. हॉटेलात चहा घेत होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. बशीतला चहा गार झाला तरी प्याला नाही.
"शिवआप्पा, जान मांगो, देता. जामीन नको मांगो."
चहाचे पैसे त्यानंच दिले. रागावलो नाही. त्याच्या घरी खाणारी तोंडं लय.

महाशिवरात्र
चारठाण्याला दादाकडं. सकाळी सगळ्यांबरोबर लिंगपूजा केली. पोरं अंगावर खेळली, वहिनीनं आग्रह करून फराळ वाढला. वर्षात पहिल्यांदा माणसांत बसलो असं वाटलं. म्हणून विचारायला जीभ उचलेना. निघायच्या वेळी विचारलं.
दादा समईची वात सारत बसला. सारली, परत सारली. मग म्हणाला, लग्न कर दुसरं. पोरीचंही होईल, तुझंही होईल. मोटारीचं खूळ सोड.
वहिनीनं वाटेसाठी शेंगादाण्याचे लाडू बांधून दिले. दादा देवळापर्यंत पोचवायला आला. 

फाल्गुन शु. २
करीमभाईची गाडी माझ्या पंक्चरीच्या दुकानापुढून जाते, थांबत नाही. पूर्वी हॉर्न वाजवायचा.
आज दिवसभर कुणाशी बोललो नाही. हवा भरताना पंप अडकला तेव्हा "चल की रे" म्हणालो, तेवढंच.

फाल्गुन शु. ५
शेठच्या माणसानं निरोप दिला. पेडगावचं एक गिऱ्हाईक मोटार बघून गेलंय. होळीपर्यंत थांबतील, पुढं नाही.

फाल्गुन शु. ७
ताडकळस, बाजारचा दिवस. शांतासाठी रिबिनी आणि रेवड्या घेतल्या. ती वेशीपर्यंत पळत आली. उंच झाली आहे. चेहरा हळूहळू गंगेचा होत चालला.
आत्याबाई, माझ्या सासूबाई, चुलीपाशी. गंगा गेली तेव्हापासून, वर्ष झालं, माझ्याशी थेट बोलत नाहीत. जे सांगायचं ते शांताला सांगतात. "तुज्या बापाला म्हणावं, हातपाय धुवून घे." "बापाला इचार, दूध पाहिजे का." मीही शांतालाच उत्तर देतो. घरात तिघं, बोलते एकटी पोर.
जेवताना शांतानं विचारलं, बाबा, तुमी परत कवा मोटार चालवणार? मी तिला सगळं सांगत बसलो. शेठ, जामीन, होळी. पोरीला काय कळणार. पण दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं. आत्याबाई पाठमोऱ्या भाकरी थापत होत्या.
निघालो. उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि मागून हाक आली.
"जावईबापू."
थांबलो. वर्षानं ऐकलं.
"मी राहते जामीन. शेत हाय की माज्या नावावर."
मी मागं वळलो. त्या पुढं म्हणाल्या, "पण एक हाय. मोटार फिरवा, रोज येता-जाता पोरीला भेटा. तिला परभणीला न्यायचं न्हाई. ती हितंच राहील."
मी म्हणालो, तिच्यासाठीच तर हे सगळं करायलोय. तिची शाळा...
"तुमी तिला न्याल. मग म्या कुणाशी बोलायचं?"
रागानं नव्हत्या बोलल्या. खरोखर विचारत होत्या.
 शांता दोघांच्या मध्ये उभी होती, रेवड्यांची पुडी धरून. मग परतीच्या मोटारीची वेळ झाली.

फाल्गुन शु. १०
तीन रात्री तेच. हो म्हणालो तर पोर गेली. नाही म्हणालो तर मोटार गेली, आणि मोटार नसली तर पोरीला आणून ठेवू कुठं, पंक्चरीच्या दुकानात?
गंगा असती तर तिनं ठरवलं असतं. ती असती तर हे ठरवायची वेळच आली नसती.

फाल्गुन शु. १३
आत्याबाई स्वतःच आल्या. कुणाच्या तरी बैलगाडीतून, पहाटे निघून. शांताला शेजारी ठेवलं म्हणे. मी हो म्हणालो नव्हतो, नाही म्हणालो नव्हतो. त्यांनीही परत विचारलं नाही.
शेठनं बसायला खुर्ची पुढं केली, त्या पायरीवर टेकल्या. मुनीमजींनी कागद वाचून दाखवला. शेत कुठलं, हद्द कुठली, हप्ता चुकला तर काय. सगळं ऐकून अंगठा दिला. शाई पदराला पुसली. पांढरं लुगडं, डाग दिसत राहिला.
मग मोटार बघितली. चाकाला हात लावला. "लय जुनी हाय की," म्हणाल्या. मी म्हणालो, इंजिन चांगलं आहे. त्या म्हणाल्या, "असंल."
परत जाताना त्यांनाच पहिलं उतारू म्हणून बसवलं, पुढं, माझ्या शेजारी. सगळ्या वाटेनं दांडी घट्ट धरून होत्या. ताडकळसला उतरल्या तेव्हा म्हणाल्या, गंगी कवा बसली होती का हितं? म्हणालो, एकदा. जुन्या मोटारीत, लग्नानंतर.

होळी
टप शिवून घेतला. दिवा बसवला. हँडल मारलं की दुसऱ्या झटक्यात सुरू होते.

फाल्गुन व. ७
सर्व्हिस चालू होऊन आता सुरळीत झाली. सकाळी जायचं, दुपारी परत, पुन्हा संध्याकाळची खेप. बाजारच्या दिवशी बसायला जागा पुरली नाही. जी माणसं वर्षभर नजर चुकवत होती ती आता "शिवआप्पा, जरा सरकून घ्या की" म्हणून शेजारी बसतात. बरं वाटतं. परभणीला सगळी उतरून आपापल्या घरी जातात. मग मी आणि रिकामी मोटार.
करीमभाईनं आज हॉर्न वाजवला. मीही वाजवला.

फाल्गुन व. ८
ताडकळसच्या थांब्यावर शांता रोज उभी. शिदोरी आणते. आजीनं बांधलेली गरम भाकरी, चटणी, कधी वरणफळं. उतारू चढेपर्यंत तिच्याशी बोलणं. आज म्हणाली, बाबा, शाळेत पाटी लागते का वही? मी म्हणालो, टायरात हवा कमी दिसते, बघतो. खाली वाकून उगाच बघत राहिलो.

फाल्गुन व. ११
पहिला हप्ता भरला. शेठनं स्वतः उठून पान दिलं. मुलींच्या शाळेवरून आलो. फाटकात बाई भेटल्या, म्हणाल्या, पाडव्यानंतर नाव घालता येईल, तेव्हा सहीला या. फाटकापाशी उभा होतो, आत गेलो नाही. म्हातारीचं शेत त्या कागदात आहे, आणि माझा शब्द... शब्द दिला तरी होता का मी?

चैत्र शु. ३
सकाळच्या खेपेला ताडकळसच्या थांब्यावर शांता शिदोरी न घेता उभी. केसांत रिबिनी, काखेत गाठोडं. सरळ पुढच्या सीटवर येऊन बसली.
आजी कुठंय, विचारलं. शेतात गेली म्हणे.
"आजी म्हणाली, बापासंगं जा. परभणी बघून ये."
"परत कवा यायचं म्हणाली?"
"ते न्हाई बोलली."
उतारू घाई करायले होते. आत्याबाईंच्या घराकडं बघितलं, दाराला कडी होती. मोटार काढली. वाटेनं शांतानं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी हात लावून बघितला असता तर कळलं असतं, एक परकर आहे का सगळेच. लावला नाही.
तिला पेठ दाखवली, स्टेशन दाखवलं, आगगाडी आली ती दाखवली. खोलीवर आणून भात केला. माझ्यापेक्षा जास्त जेवली. आता बाजेवर झोपलीय. गाठोडं उशाला, अजून सोडलेलं नाही.
ऊन कलायलंय. स्टँडवर संध्याकाळच्या खेपेचे उतारू जमले असतील. तिकडं ताडकळसला म्हातारी शेतातून आली असेल, चूल पेटवली असेल. किती जणांच्या भाकरी, कोण जाणे.
मोटार काढायची वेळ झाली. पोरीला उठवावं, का झोपू द्यावं...