तारेविना अँजिओ

आत्या, आधी ऐका: तुमचा लेक बरा हाय. पाया मागनं पडते.

फोनवर तुमी नुसत्या रडता, म्हणून नगरहून चिठ्ठी धाडते.

ह्यांना फिरत्या पट्ट्यावर पळवून काळीज तपासल्यावर डॉक्टरांना शंका आली. म्हणाले, मनगटातनं तार घालून काळजाच्या नसा बघता येतात, पण आधी सीटी अँजिओ करू. ती चांगली आली तर तार नकोच. विहिरीच्या कड्यासारख्या मशीनमध्ये झोपवलं. सुईतनं औषध सोडताच ह्यांना वाटलं, पायजमा ओला झाला! हळूच चाचपला, तर कोरडा. बाहेर येऊन लई हसले.

नसा मोकळ्या हायेत.

गावात अँजिओ म्हणू नका, लोक बिस्किटपुडे घेऊन भेटायला येतील. फोटो काढला म्हणा.

म्हैस तुमाला धार काढू देती का? तिला सांगा, मालक उद्या येतोय.

आता तुमी जेवा. मीबी आजच जेवले.

तुमची सून,
विजयमाला