आमच्या शाळेला दुसरा मास्तर

७ जुलै, सोमवार
संकल्प: गावातला अन्याय यापुढे चालवून घ्यायचा नाही.
आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्ग चार, मास्तर एक. हिंमतराव सर पहिलीला फळ्याकडे तोंड करून बसवतात, चौथीला खिडकीकडे. दुसऱ्या मास्तराची जागा मंजूर आहे, पण कितीतरी दिवस रिकामी. गावात कुणाला काही वाटत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तेव्हा मला वाटून घेणं भाग आहे.
डिंपलवहिनीने जाहीर केलं, पंधरा ऑगस्टपर्यंत दुसरा मास्तर आला नाही तर प्रज्वलला चिखलीच्या कॉन्व्हेंटमध्ये टाकणार. माझा भाचा गावाची शाळा सोडणार? मी म्हटलं, वहिनी, मी आणते मास्तर. ती म्हणाली, "आण. येतानी साबण बी आण."

९ जुलै
योजना तयार. पोरांना घेऊन चिखलीला जायचं आणि पंचायत समितीच्या व्हरांड्यातच शाळा भरवायची. साहेब लाजतात आणि मास्तर देतात. पेपरात नेहमी येतं.
सरपंच भगवानरावांना भेटले. म्हणाले, "हाव पोरी, अन्याय तं हायेच." चहा झाला. येणार ना, विचारलं. म्हणाले, "येतो ना, काऊन नाही येणार!" त्यांचे दोन्ही नातू व्हॅनने कॉन्व्हेंटला जातात. तरी पाठिंबा. मोठं मन.

१३ जुलै, संध्याकाळी
घरोघर फिरले. एकानेही नाही म्हटलं नाही. अंदाजे दीडशे माणूस. तीन जीप सांगितल्या, खेपा करतील. भाषण पाठ.

१४ जुलै, सकाळी
पावसाने उघडीप दिली, त्यामुळे अख्खं गाव शेतात, सोयाबीनच्या डवरणीला. शेतकऱ्याच्या पोरीने हे आधी ओळखायला हवं होतं. दोन जीप परत पाठवल्या. तिसरीतही जागा उरली. आले ते प्रज्वल, आणखी काही पोरं आणि कौशल्याबाई. कौशल्याबाईंना चिखलीहून चष्मा आणायचा होता. मोठ्या चळवळी अशाच सुरू होतात.

त्याच दिवशी, दुपारी
विजय! व्हरांड्यात पाढे घेतले, मुद्दाम मोठ्याने, आतल्यांना लाज वाटावी म्हणून. शिपायाने लाजून सतरंजी आणून दिली. शेवटी शिक्षणाचे साहेब बाहेर आले, बराच वेळ ऐकत उभे राहिले. मी भाषणाचं पहिलं वाक्य, पोरांचं नुकसान होतंय, एवढंच म्हटलं तेवढ्यात म्हणाले, "वा मॅडम, काय मस्त शिकवता हो!" फोटो काढला. शिक्षण विचारलं. बी.ए., फर्स्ट क्लास, असं ठणकावून सांगितलं. म्हणाले, गुरुवारपासून मास्तर मिळेल. घाबरले होते. दाखवलं नाही इतकंच.
साबण विसरले.

१७ जुलै, गुरुवार
मास्तर मिळाला. मी.
आदेशात लिहिलंय: स्वयंसेवी शिक्षिका, विनामानधन, पर्यायी व्यवस्था होईपर्यंत. साहेबांना फोन करून सांगितलं, हे चालणार नाही. ते म्हणाले, पोरांचं नुकसान होतंय असं तुम्हीच तर म्हणत होत्या. माझंच वाक्य असल्यामुळे खोडता आलं नाही. असो. व्यवस्था आत शिरूनच बदलता येते.
भगवानराव म्हणाले, "पाह्य, झालं का नाही काम? तू उगाच टेन्शन घेऊन राह्यली होती."

२५ जुलै
हिंमतराव सरांना पंचायत समितीत ऑनलाइन माहिती भरायला बोलावलं. कारण आमच्या शाळेत आता दोन शिक्षक आहेत. सर मला पहिलीपासून ओळखतात. जाताना डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "तू आली म्हणून सुटलो बाई मी." मलाही भरून आलं.
दुपारी चौथीला खिडकीकडे तोंड करून बसवलं. तात्पुरतं.

५ ऑगस्ट
पारावर जाऊन विचारलं, पुन्हा चिखलीला जायचं का? सगळे म्हणाले, "हाव, जाऊ ना. तू फक्त दिवस सांग." मी म्हटलं, रविवारी ऑफिस बंद, इतर दिवशी मला शाळा. त्यावर त्यांच्यातले भाऊराव म्हणाले, "मंग शाळा सोडून नको जाऊ वं. पोराईचं नुकसान होते."
गावात जागृती होते आहे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर माझा सत्कार. शाल, नारळ. भगवानराव भाषणात म्हणाले, गावाचा एवढा जुना प्रश्न आपल्या पोरीनं एका दिवसात सोडवला. टाळ्या. हिंमतराव सर आले होते. कानाशी येऊन म्हणाले, दुसऱ्या मास्तराची जागा वरून रद्द झाली, गरज उरली नाही असा शेरा आहे. टाळ्यांच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, असं मी ठरवलं.

१८ ऑगस्ट, सोमवार
वहिनीने प्रज्वलला कॉन्व्हेंटमध्ये टाकलं. मी म्हटलं, अगं वहिनी, पण दुसरा मास्तर आला ना! ती म्हणाली, "कुठी आला वं? तूच तं हायेस."
घरात शिकलेली मीच, म्हणून सकाळी प्रज्वलच्या टायची गाठ मारायचं काम माझ्याकडे आलं. मोबाइलवर बघून मारली. चांगली बसली.